कवटी शाबूत, तिजोरी उघडी

मेंदूत डोकावायचे, पण कवटीवर ओरखडाही उठता कामा नये, अशी संशोधकांची अट. खर्चाला मात्र अट नसते. २०१३मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष ओबामांनी मेंदूसंशोधनाची राष्ट्रीय मोहीम जाहीर केली. सुरुवातीलाच दहा कोटी डॉलर. पुढच्या वर्षी पहिली अनुदाने वाटली गेली, तेव्हा टोपीसारखा घालून हिंडता येईल अशा पेट स्कॅनरलाही त्यात वाटा मिळाला.

मेंदूची चित्रे काढणाऱ्या एफएमआरआय यंत्राला विचार दिसतात, असा भाबडा समज आहे. त्याला दिसतो तो रक्तपुरवठ्यातला फरक, तोही विचार येऊन गेल्यावर चार-पाच सेकंदांनी. सरकारी पंचनाम्यांच्या मानाने हा वेग उत्तमच म्हणायचा! शिवाय चित्रातला एक ठिपका म्हणजे काही लाख पेशींची सरासरी. अमेरिकेतल्या क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी तर मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि ‘या माणसाला काय वाटत असेल?’ असे रीतसर विचारले. आकडेमोडीतली आवश्यक दुरुस्ती वगळली, तर माशाच्या मेंदूतही हालचाल ‘सापडत’ होती. चूक यंत्राची नव्हे, घाईने हिशेब मांडणाऱ्यांची, हेच त्यांना दाखवायचे होते. २०१२मध्ये त्यांना गमतीदार संशोधनासाठी दिले जाणारे इग नोबेल मिळाले. माशाला काही नाही.

ओबामांच्या त्या मोहिमेचा निधी २०२३मध्ये ६८ कोटी डॉलर होता, २०२४मध्ये तो सुमारे ४० कोटींवर आला. कात्री चालवताना अमेरिकी काँग्रेस सदस्यांच्या मेंदूचा नेमका कोणता भाग उजळला होता, याचे स्कॅन उपलब्ध नाही. त्यासाठी अनुदान मागावे लागेल.