टायगरला घेऊन कॅक्टस खरेदी

मेव्हण्याने नवीन फ्लॅटच्या बाल्कनीसाठी कॅक्टस घ्यायचं ठरवलं, कारण त्याला फारसं पाणी घालावं लागत नाही. निवडीत कुत्र्याचंही मत हवं, म्हणून टायगर सोबत. गोरेगाव पूर्वेला रिक्षावाल्याने टायगरकडे पाहून विचारलं, "हा चावतो का?" मेव्हणा म्हणाला, "नाही, घाबरतो." भाडं ठरलं.

हायवे ओलांडून आरेत शिरलं की आधी गारवा लागतो आणि मग शेणाचा वास येतो. मेव्हणा दोन्हीला ऑक्सिजन म्हणतो. शहरातल्या गोठ्यांमधल्या म्हशी हलवून दारा खुरोडींच्या पुढाकाराने 1949 साली ही दूध वसाहत वसली. म्हशी आजही आहेत, आणि रस्त्यातले खड्डे त्या आपल्या वापरासाठी राखून ठेवतात, असा माझा संशय आहे.

नर्सरीवाल्याने छोट्या कुंड्यांची रांगच मांडली. "सगळे कॅक्टस, एकदम सेफ."

"कुत्र्याने खाल्लं तर?"

"कुत्रा सोडा, म्हैससुद्धा खात नाही."

एका काटेरी गोळ्यावरचं लालभडक फूल मेव्हण्याने कौतुकाने चाचपलं, तर ते हातात आलं. गोंदाने चिकटवलेलं होतं. नर्सरीवाला म्हणाला, "सीझन संपला."

पुढच्या कुंडीत पेन्सिलीसारख्या हिरव्या कांड्यांचं झाड होतं. मेव्हण्याने एक कांडी मोडली. पांढराशुभ्र चीक आला आणि आरेत दूध पाहून माणूस दचकल्याचा दुर्मीळ प्रसंग घडला. तो कॅक्टस नव्हे, शेर! कुंपणाला लावतात तोच. याचा चीक कातडीची आग करतो, डोळ्यात गेला तर फारच वाईट, आणि कुत्र्याने चावला तर तोंडाची आग, लाळ, उलट्या. मेव्हण्याला लगेच नळावर पिटाळलं. खरे कॅक्टस मूळचे अमेरिका खंडातले. त्यांपैकी बाल्कनीत ठेवतात त्यांत सहसा विष नसतं, असतात ते काटे. त्यांतही फड्या निवडुंगाचे केसाएवढे बारीक काटे कुत्र्याच्या नाकात, जिभेत रुतले की घरी उपटत बसण्यापेक्षा डॉक्टर गाठावा.

गंमत म्हणजे शेजारीच सायकस उभा होता, डौलदार, पाहुण्यासारखा. त्याच्याबद्दल कोणी चौकशीच करत नाही. त्याच्या बिया तर कुत्र्याचं यकृत निकामी करू शकतात. कोरफडही कुत्र्याला सोसत नाही. आपण मात्र काट्याकडे बोट दाखवून सायकस दिवाणखान्यात नेतो.

मेव्हण्याने शेवटी बिनफुलाचा गोल कॅक्टस घेतला. टायगरने तो एकदाच हुंगला आणि नाक चाटत मागे सरला. परीक्षा संपली.

परतताना पाड्याजवळच्या टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्या मावशींनी विचारलं, "ह्याला रात्री बाहेर बांधत नाही ना?" इथल्या बिबट्यांच्या जेवणात कुत्रे नेहमीचे. असा शेजार आहे म्हणून तर पाड्यांवर वाघोबा देवाला हात जोडतात. टायगर तेवढ्यात रिक्षात जाऊन बसला होता, सीटखाली.

तेव्हा मंडळी, कॅक्टस खुशाल घ्या, कुंडी कुत्र्याच्या नाकापेक्षा उंच ठेवा, चीकवाल्या झाडाला आणि सायकसला घरात घेऊ नका. आणि कुत्र्याला आरेत नेणार असाल तर दिवसाउजेडी न्या, पट्टा हातातून सोडू नका.