थांबेभाऊ

वरणगावात खऱ्या बंदुकांची काडतुसं बनतात. तरी ऑर्डनन्स फॅक्टरीच्या क्वार्टरातली पोरं पडद्यावर खोट्या गोळ्या झाडायला ग्राफिक्स कार्ड मागतात. मग बाप पोराला घेऊन थांबेभाऊकडे येतो. या गृहस्थाचं पाळण्यातलं नाव आता कुणी घेत नाही. कार्ड कोणतंही विचारा, उत्तर ठरलेलं: "कायले घाई करतो भो? थांब ना जरासा. नवं येऊन राह्यलं!"

नवं येईपर्यंत तो अफवांवर जगतो. मेमरी किती, वॉट किती, खोक्यात मावेल का, सगळं तोंडपाठ. आणि नवं आलं की त्याची हवा काढायलाही हाच पुढे.

जानेवारी २०२५ मध्ये लास वेगासला एनव्हिडियाचे जेन्सन ह्वांग चकचकीत जॅकेट घालून उभे राहिले. ५४९ डॉलरचं नवं कार्ड आरटीएक्स ५०७० म्हणे १,५९९ डॉलरच्या जुन्या ४०९० एवढं पळणार! इकडे पोरं नाचायला लागली. थांबेभाऊनं बशीतला चहा संपवला आणि म्हणाला, "पडद्यावरच्या चार चित्रांतली तीन एआयनं घुसाडलेली. खरं एकच." बरोबरच होतं ते. त्या दाव्याचा सगळा डोलारा या उसन्या चित्रांवर होता.

मग किंमत. ५४९ डॉलर म्हणजे तेव्हाचे साधारण ४७ हजार. भारतात जाहीर झाले ५९ हजार. अमेरिकेतला आकडा कर सोडून सांगतात, इथल्यात १८ टक्के जीएसटी असतो. पण हे गणित मांडत बसेल तो थांबेभाऊ कसला? समोरच्या केळीवाल्या बापाला त्यानं एवढंच विचारलं, "केळीचा जाहीर झालेला भाव अन् तुह्या हातात पडलेला भाव एक राहतो का?" बाप मान हलवून उठला. केळीत भाव खाली घसरतो, कार्डात वर चढतो, एवढाच फरक. फटका दोन्हीकडे आपल्यालाच.

त्याच्या सल्ल्याचे बळीही आहेत. २०२० साली एका पोराला त्यानं ३०८० साठी थांबवलं. ६९९ डॉलरची ती कार्डं क्रिप्टो चलनाचं खाणकाम करणाऱ्यांनी दुप्पट भावानं उचलली. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यातल्या इथेरियम चलनानं कार्डांवरचं खाणकाम बंद केलं, तोवर पोरगा डिप्लोमा उरकून पुण्यात नोकरीला लागला होता. थांबेभाऊ हेही स्वतःच्या खात्यावर जमा करतो: "पाह्य, वाचले ना पैसे?"

माझ्या मते कंपन्यांनी या माणसाला पगार द्यावा. ग्राहकाच्या अपेक्षा आवरायला त्या किती माणसं पोसतात! याच्या हाताखालून गेलेल्यांपैकी नव्या कार्डानं निराश झालेला एकही नाही, कारण कार्ड कुणी घेतलेलंच नाही.

तुम्हाला घ्यायचंच असेल, तर दुकानात जीएसटीसकट बिलाचा आकडा विचारा आणि दुपारी थांबेभाऊ झोपलेला असताना उरकून टाका.