किती एचपी?

क्लबच्या कमिटीला मैदानासाठी गवत कापायचं मशिन घ्यायचं असलं की पहिला प्रश्न ठरलेला: "किती एचपी?" मग रंग. मग सीटला कुशन आहे का, जणू अध्यक्षच वर बसणार आहेत. ज्या माळीबुवांना ते रोज चालवायचंय, त्यांना तेवढ्यात चहा आणायला पिटाळलेलं असतं.

खरं तर आधी विचारायला हवं, गवत किती उंच राखायचंय? गोल्फच्या फेअरवेवर बर्म्युडा गवत साधारण १२ ते १५ मिलिमीटरवर राखतात. हे काम रील मशिनचं. फिरती पाती आणि खालचं स्थिर पातं यांच्या कात्रीत गवत सापडतं. एडविन बडिंगनं १८३० च्या सुमारास इंग्लंडात पहिलं मशिन बनवलं, तेही कापडाची लव कातरणाऱ्या यंत्रावरून. रोटरी मशिन मात्र पात्याच्या नुसत्या वेगानं गवत उडवतं. पातं बोथट असलं तर शेंडे फाटतात, मैदान पांढुरकं पडतं आणि कमिटी खतवाल्याला झापते.

रीलचे लाड मात्र फार. पात्यांत कागदाची पट्टी धरून रील हातानं हळूच फिरवायचं. कागद कापला गेला तर ठीक, मुडपला तर सेटिंग बिघडलंय. या तपासणीला खर्च शून्य, म्हणून ती टेंडरमध्ये नसते. धार लावणारा माणूस गावात आहे का, हेही कुणी विचारत नाही. आणि मंडपवाल्याचा एक खिळा गवतात राहिला की पात्याला खाच पडलीच.

तेव्हा मैदान लग्नांना भाड्यानं देत असाल, तर रीलच्या नादी लागू नका. मुकाट्यानं रोटरी घ्या.