दहा मिलिमीटरांची उदारता

मुलींच्या शाळेचा मोठेपणा कशावर ठरतो? निकालावर, असं पालक म्हणतात. संस्थाचालक नव्या इमारतीकडे बोट दाखवतात. दोघांचंही चुकतं. तो ठरतो मुलींच्या डोक्यावर. डोक्यात काय आहे हे दहावीच्या बोर्डाला कळेलच. डोक्यावर काय आहे आणि ते किती जाड आहे, हे मात्र शाळेनंच वेळीच बघावं लागतं.

दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरिया हायस्कूल फॉर गर्ल्स या नामांकित शाळेला हे पक्कं ठाऊक होतं. शाळा १९०२ सालची, म्हणजे बोअर युद्ध संपलं त्या वर्षीची. वर्णभेदाच्या राजवटीत ती गोऱ्या मुलींची शाळा होती. ती राजवट गेली आणि काळ्या मुलीही शाळेत आल्या. शाळेनं त्यांना गणवेश दिला, टाय दिला, शाळेचं गाणं शिकवलं. पण या मुली येताना आपले केसही घेऊन आल्या होत्या, त्याची कुणी तयारी केली नव्हती.

शाळेनं मग उदार मनानं नियम केला. टाळूला चिकटवून घातलेल्या बारीक वेण्या चालतील, सुट्या वेण्या चालतील, नैसर्गिक जटाही चालतील. गंगावन लावलं तरी हरकत नाही. फक्त प्रत्येकीची जाडी दहा मिलिमीटरांच्या वर जाता कामा नये. कुणाला नको म्हटलेलं नव्हतं, हे ध्यानात घ्या. दहा मिलिमीटरपर्यंत सगळ्यांचं मनापासून स्वागत होतं.

आता हे मोजायचं कसं, हा प्रश्न कुणाला क्षुल्लक वाटेल. ज्यांनी अकरावीत भौतिकशास्त्राचं प्रात्यक्षिक केलंय त्यांना तो वाटणार नाही. गोल वस्तूचा व्यास फूटपट्टीनं नीट मोजता येत नाही. त्याला व्हर्नियर कॅलिपर लागतो. शिवाय वेणी म्हणजे काही लोखंडी गोळी नव्हे. चिमटीत धरली की बारीक होते, सोडली की फुगते, पावसाळी हवेत तर आपल्या मर्जीनं वाढते. तेव्हा तीन वाचनं घेऊन सरासरी काढावी. प्रत्येक वाचनातून उपकरणाची शून्य त्रुटी वजा करावी. आणि शून्य त्रुटी तपासायला वर्गातली सरळ, रेशमी केसांची एखादी मुलगी घ्यावी. तिच्या बाबतीत त्रुटी नेहमी शून्यच येते.

ऑगस्ट २०१६ मध्ये या शाळेच्या काळ्या मुलींनी निदर्शनं केली. झुलेखा पटेल नावाची तेरा वर्षांची मुलगी, भोवती सुरक्षारक्षक, तिचे दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरलेले आणि त्यामागे तिच्या केसांचा भलामोठा घेर, असं ते छायाचित्र जगभर गेलं. त्या केसांचा व्यास मोजायचा तर व्हर्नियर पुरणार नव्हता, सर्व्हेअर बोलवावा लागला असता. मुलींच्या तक्रारी नुसत्या मापाच्या नव्हत्याच. आमच्या केसांना पक्ष्याचं घरटं म्हटलं जातं, केस सरळ करून यायला सांगतात, आपसात आपल्या भाषेत बोललं तर दटावतात, असं त्या सांगत होत्या. प्रांताचे शिक्षणमंत्री पान्याझा लेसुफी शाळेत आले, मुलींशी बोलले आणि केसांचं ते कलम स्थगित झालं.

या सगळ्या गदारोळात शाळेची बाजू कुणी धड मांडलीच नाही. ती मी मांडतो. नियम सर्वांना सारखा होता. गोऱ्या मुलींनासुद्धा दहा मिलिमीटरांहून जाड जटा ठेवायची मुभा नव्हती. आजवर त्यांच्यातल्या एकीनंही तक्रार केली नाही. समानता आणखी वेगळी काय असते?

आणि त्या देशाची परंपराही बघा. तिथं दप्तरातल्या वस्तूनं केसांची परीक्षा घेण्याची पद्धत जुनी आहे. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्यानं प्रत्येक माणसाला वंशाचं लेबल लावायचं ठरलं. ते लावताना अडचण आली की केसांत पेन्सिल खोचायची. पेन्सिल घरंगळून पडली तर माणूस गोरा. अडकून बसली तर नाही. एकाच घरातल्या भावंडांपैकी एकाची पडायची, दुसऱ्याची अडकायची. १९६६ साली सँड्रा लँग या दहा वर्षांच्या मुलीला पोलिसांनी गोऱ्यांच्या निवासी शाळेतून बाहेर काढून घरी नेऊन सोडलं. आईबाप दोघंही गोरे, कागदोपत्री पक्के गोरे. पण मुलीचा रंग आणि केस सरकारी अपेक्षेत बसत नव्हते. तिथून २०१६ पर्यंतचा प्रवास पाहा. पेन्सिलीच्या जागी दशमान पद्धतीचं अचूक माप आलं. याला प्रगती म्हणायचं नाही तर कशाला?

केसांचं कलम गेलं म्हणजे सगळं आलबेल झालं, असंही नाही. जुलै २०२४ मध्ये याच शाळेत गोऱ्या मुलींच्या एका व्हॉट्सअॅप गटातल्या, वंशभेदी असल्याचा आरोप झालेल्या संदेशांवरून बारा जणींना निलंबित केलं गेलं. पुढे चौकशीत त्या दोषी ठरल्या नाहीत. काही असो, वेणी निदान मोजता तरी येत होती.

तुम्ही म्हणाल, हे तिकडचं काळ्या-गोऱ्याचं भांडण, आपल्याला काय त्याचं? तर मंडळी, त्याच देशातल्या दुसऱ्या मुलींच्या शाळेत आपलं नाक अडकलेलं आहे. अगदी अक्षरशः.

१८६० साली मद्रासहून उसाच्या मळ्यांवर राबायला करारानं बांधलेल्या गिरमिटिया मजुरांचं पहिलं जहाज नाताळ वसाहतीच्या किनाऱ्याला, डर्बनला लागलं. त्या मजुरांबरोबर देव गेले, मसाले गेले आणि बायकांच्या नाकातल्या चमक्याही गेल्या. २००४ साली डर्बन गर्ल्स हायस्कूलमधली दक्षिण भारतीय वंशाची एक मुलगी सुट्टीत नाक टोचून शाळेत आली. नाकात सोन्याची बारीक चमकी. घरची रीतच तशी: मुलगी वयात आली की नाक टोचायचं, सोळाव्या वर्षी आजीनं सोन्याच्या जागी हिऱ्याची चमकी घालायची.

शाळेची नियमपुस्तिका मात्र स्पष्ट होती. कानात साधी गोल कुडी चालेल, प्रत्येक पाळीत एकच, दोन्ही एका पातळीवर. बाकी दागिन्यांना मनाई होती, म्हणजे नाक बंद. शिवाय प्रवेशाच्या वेळी आईनं नियम पाळण्याच्या हमीपत्रावर सही केलेली. शाळेचं म्हणणं साधं होतं: चमकी धर्माला सक्तीची आहे का? नाही ना? मग काढा. ती घरची रीत आहे, असं कुटुंब सांगत होतं. रीत ऐच्छिक असते आणि शाळा सक्तीची, असा शाळेचा हिशोब होता.

आणि शाळेला पुढचंही दिसत होतं. आज एकीच्या नाकात चमकी आली, उद्या दुसरी जटा वाढवून येईल, परवा तिसरी गोंदवून येईल, मग कुणी लंगोटी लावूनच वर्गात बसेल. हे भविष्य आपल्याला नवं नाही. गल्लीतल्या गणेश मंडळापासून गृहनिर्माण सोसायटीपर्यंत कुणीही काहीही नवं मागितलं की हेच ऐकायला मिळतं: आज याला दिलं तर उद्या सगळेच मागतील! सगळ्यांना दिलं तर काय बिघडेल, हे मात्र आजवर एकाही सेक्रेटरीनं सांगितलेलं नाही.

मुलीच्या आईनं दाद मागितली; ती खालच्या न्यायालयात हरली, वरच्या न्यायालयात जिंकली. शाळा आणि शिक्षणखातं अपिलात गेले. ५ ऑक्टोबर २००७ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयानं निकाल दिला. सरन्यायाधीश पायस लांगा यांचं म्हणणं असं की रीत धर्माची असो की संस्कृतीची, सक्तीची असो की मनापासून पाळलेली, तिला संरक्षण आहे. एका चमकीनं शिस्त कोलमडल्याचा कुठलाही पुरावा शाळेनं दिलेला नाही. आणि शाळेला ज्या मिरवणुकीची धास्ती वाटते आहे, ती संकटांची नसून विविधतेची मिरवणूक आहे, तिचं कौतुक करायला हवं. हे सगळं होईतो मुलगी शाळा सोडून गेली होती. चमकी जिंकली, तेव्हा ती वर्गात नव्हती.

निकालाची ही गोष्ट आपल्याकडे ज्यांना ज्यांना सांगावी, त्यांची छाती फुगते. ‘आपली पोरगी’ परदेशात जिंकली! गोऱ्या शिस्तीला आपल्या चमकीनं नमवलं! नऊवारी आणि नथ घालून शोभायात्रेत बुलेट चालवणाऱ्या मंडळींना तर हा निकाल फ्रेम करून द्यायला हवा.

पण थांबा. तो निकाल पुढे भारतात आला. २०२१ च्या अखेरीस उडुपीच्या सरकारी मुलींच्या पदवीपूर्व महाविद्यालयात हिजाब घातलेल्या मुलींना वर्गाबाहेर ठेवलं गेलं. प्रकरण कर्नाटक उच्च न्यायालयात गेलं, तेव्हा मुलींच्या वकिलांनी डर्बनचा तोच निकाल पुढे केला. १५ मार्च २०२२ च्या निकालात न्यायालयानं तो मानला नाही. का, तर नाकातली चमकी डोळ्यांना जेमतेम दिसते, अगदी बारीक असते. हिजाबचं तसं नाही. सर्वोच्च न्यायालयात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी दोन न्यायमूर्तींची दोन मतं पडली आणि प्रश्न योग्य खंडपीठ नेमण्यासाठी सरन्यायाधीशांकडे गेला.

म्हणजे पाहा, घोडं पुन्हा मिलिमीटरांवरच अडलं. संस्कृती असावी, पण ती दुर्बिणीशिवाय दिसू नये. चमकीएवढी असेल तर तो मूलभूत हक्क, ओढणीएवढी झाली की बेशिस्त. डर्बनमध्ये चमकी म्हणजे परक्यांचा हट्ट होता, उडुपीत ती किरकोळ ठरली. दोन्हीकडे माप घेणारा हात नियम करणाऱ्यांचाच. मुंबईतही २०२४ मध्ये चेंबूरच्या एका महाविद्यालयानं हिजाब, टोपी वगैरेंना बंदी केली. उच्च न्यायालयानं ती उचलून धरली. सर्वोच्च न्यायालयानं ती अंशतः थांबवताना, मग टिळा आणि टिकलीलाही बंदी घालणार का, असं विचारलं. हा प्रश्न संस्थेच्या कार्यक्रमपत्रिकेवर कधीच नसतो. टिकलीचं माप कुणी घेत नाही, कारण मापं घेणाऱ्या बाईंच्या कपाळावर ती असते.

आपल्या मराठी शाळांनी तर या कामी प्रिटोरियाला धडे द्यावेत. दोन वेण्या, कानामागून वर घेऊन लाल रिबिनीत बांधलेल्या, भरपूर तेल चोपडलेल्या. मुलीचे केस मुळात आखूड कुरळे असले, रिबीन सारखी सुटत असली, तर दोष रिबिनीचा नाही. तिला प्रार्थनेच्या रांगेतून बाजूला काढून ‘जरा तेल लावून ये गं’ म्हणायचं. ती लावून येते. केस तेवढ्यापुरते बसतात, तिसऱ्या तासाला पुन्हा उठतात, मुली हसतात, बाई फळ्याकडे वळतात.

आणि समावेशकतेची खरी बहार बघायची तर स्नेहसंमेलनाला जा. ‘आदिवासी नृत्य’ असं निवेदिकेनं म्हटलं की टाळ्या सुरू. पाचवी-सहावीच्या मुली येतात. तोंडाला आणि हातांना काळा रंग फासलेला, गालांवर पांढरे ठिपके, कमरेला हिरव्या प्लास्टिकच्या पानांचे घागरे, हातात थर्माकोलचे भाले. मागे कुठल्याशा चित्रपटातलं हू-हू करणारं गाणं. घामानं काळा रंग मानेवरून गणवेशाच्या कॉलरवर उतरतो आणि आया मोबाइल उंच धरतात. त्या वर्गात खरोखरची कातकरी किंवा ठाकर मुलगी असेल, तर तिला या नाचात घेत नाहीत. तिच्याकडे पानांचा घागरा नसतो.

या शाळांना कुणी मागासलेलं म्हणू नये. हल्ली तिथं ‘समावेशकता सप्ताह’ साजरा होतो. सोमवारी ईशान्य भारत दिन, मोमोचा स्टॉल. मंगळवारी दक्षिण, इडली. शुक्रवारी सगळ्यांची मिळून मिक्स डाळ. वसतिगृहातल्या मणिपूरच्या मुलीला त्या आठवड्यात स्टेजवर बोलावून शाल देतात. बाकीचे एक्कावन्न आठवडे तिला काय हाक मारली जाते, ते वर्गशिक्षिकांना ऐकू येत नाही. आवाज मोजायचं यंत्र शाळेकडे नाही.

डर्बनच्या निकालातला एक भाग बातम्यांत फारसा आला नाही, तो सांगून थांबतो. घटना न्यायालयानं चमकी चालेल एवढंच सांगितलं नाही. शाळेच्या नियामक मंडळानं विद्यार्थिनी, पालक आणि शिक्षक यांच्याशी सल्लामसलत करून नियमपुस्तिका बदलावी, आणि धर्म किंवा संस्कृतीमुळे कुणाला सवलत हवी असेल तर ती मागायची रीतसर सोय तिच्यात करावी, असा आदेश दिला. चमकीची परवानगी देणं कुठल्याही मुख्याध्यापिकेला जमलं असतं. नियम ठरवणाऱ्या टेबलाभोवती खुर्च्या जास्त मांडणं अवघड होतं.

येत्या जूनमध्ये तुमच्या मुलीच्या शाळेची नियमपुस्तिकाही घरी येईल. मागच्या पानावर पालकांच्या सहीची जागा असेल आणि तुम्ही, नेहमीप्रमाणे, रिक्षावाला काका हॉर्न वाजवत असताना सही कराल. या वेळी रिक्षा पाच मिनिटं थांबू द्या. केस, कपडे, दागिने आणि डब्यात काय आणायचं नाही, ही कलमं वाचा. मग पहिल्या पालकसभेत उभं राहून विचारा, ही कलमं ठरली त्या बैठकीला कुरळ्या केसांची, पाड्यावरची, मोहल्ल्यातली एक तरी मुलगी किंवा तिची आई हजर होती का? उत्तर लेखी मागा.