नाना आणि पंचेचाळीस सीसी

आमच्या पलूस भागात कुणाला इंजिनाची वस्तू घ्यायची असली की तो दुकानाआधी नानांकडे जातो. किर्लोस्करवाडी जवळ असल्याचा हा परिणाम असावा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर कारखाना आणला. त्याआधी त्यांचा पहिला लोखंडी नांगर खपायला दोन वर्षे लागली होती, कारण लोखंडाने जमिनीत विष भिनते अशी शेतकऱ्यांची खात्री होती. नाना त्याच संशयी वंशातले. जुन्यांना लोखंडाचा संशय होता, नानांना गिऱ्हाइकाचा आहे.

परवा त्यांचा पुतण्या कराडचे शेती प्रदर्शन बघून आला आणि चेनसॉ घ्यायचाच म्हणाला. अठ्ठावन्न सीसी, बावीस इंची बार, वर हातमोजे फुकट.

“कापायचं काय हाय?”

“तसं काय न्हाई नाना. घरात एक असावं.”

“मग देवाचा फोटू घे.”

तरी दुसऱ्या दिवशी नाना पुतण्याच्या बांधावरून सुतळी घेऊन फिरले. प्रत्येक बाभळीचा घेर मोजून गाठ मारली. सगळ्यात जाड बुंधा चार फूट घेराचा निघाला. घेराला तिनाने भागायचे, वरचे थोडे सोडायचे. जाडी पंधरा इंच. म्हणजे अठरा इंची बार पुरे. तीस सीसीचे मशीन फांद्यांना ठीक, पण अशा बुंध्यात रडते. साठ-सत्तर सीसीचे वखारवाल्याने घ्यावे. शेतकऱ्याला पंचेचाळीसच्या आसपास, वजन पाच किलोच्या आत. सोयरीक असो, बैल असो, नाना मधलेच माप निवडतात. इथे मात्र त्यांच्या हातात गाठी मारलेला पुरावा होता.

नाना दुकानात शिरले की दुकानदार चहा सांगतो, पण मनापासून नाही. नाना मशीन उचलून हात लांब करतात आणि दुकानदाराचे बोलणे संपेपर्यंत तसेच धरून ठेवतात. हात आधी थकला तर मशीन जड. मग पुढचा ब्रेकचा दांडा ढकलून बघतात, कारण बारचे टोक लाकडाला अडले की मशीन उसळून तोंडावर येते. कंपन्यांची वंशावळ त्यांना पाठ. श्टील जर्मनीची, १९२६ ची, इकडे चाकणला बसलेली. हुस्कवर्ना स्वीडनची, १६८९ ची, तेव्हा बंदुका करायची. “संभाजी महाराज गेले त्या सालातली,” असे नाना म्हणतात तेव्हा दुकानदार नकळत खुर्चीतून उठतो.

खरा प्रश्न शेवटी येतो. “साखळी तुटली तर गावाजवळ मिळंल का? आन् कानस कुठल्या मापाची?” फुकटच्या हातमोज्यांची मशिने इथेच गळतात. “ढलप्या पडत्यात तवर धार हाय. पीठ पडाया लागलं की थांबायचं. जोर लावणारा मशीन बी घालवतो आन् कंबर बी.” पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल किती घालायचे हे पुस्तिकेत बघायचे, बाटलीच्या टोपणाने मोजायचे नाही, ही ताकीद ते पुतण्याच्या बापालाही देतात.

आता नानांचा दोष. स्वतःचे मशीन त्यांच्याकडे नाही. गावात कुणीही घेवो, पहिली चाचणी नानांच्या बांधावर होते, पेट्रोल गिऱ्हाइकाचे. काकूंना चुलीच्या जळणाची ददात नाही. पुतण्याने हे बोलून दाखवले तर म्हणाले, “डाक्टर स्वतःला सुई टोचून बघतो व्हय रं?”

पण चाचणीच्या दिवशी पुतण्या उत्साहाने कडेच्या आंब्याकडे वळला तेव्हा मशीन बंद केले ते नानांनीच. आंबा, चिंच, फणस, जांभूळ ही झाडे स्वतःच्या रानातली असली तरी १९६४ च्या कायद्याने परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

तेव्हा सातारा-सांगलीकडे कुणी चेनसॉ घ्यायला निघाला असाल तर असा एक नाना बरोबर न्या. तो न मिळाला तर निदान सुतळी तरी न्या, आणि मशिनाबरोबर कानस घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका.