आजी, डॉल्फिन आणि साडेपाच हजार पायऱ्या

साहसी पर्यटनाच्या जाहिरातीत माणूस नेहमी एकटा असतो. तो कड्याच्या टोकाला पाठमोरा उभा असतो, पाठीवर एकच पिशवी असते आणि तिच्या आकारावरून कळतं की आत डबा नाही. त्याच्या काकूंना गाडी लागत नाही, त्याच्या मेहुण्याला मध्येच चहाची तल्लफ येत नाही, ‘अजून किती राहिलंय?’ असं त्याला कुणी विचारत नाही. इतकी सोय असताना डोंगर चढण्यात साहस ते काय, हा प्रश्न जाहिरातवाल्यांना पडलेला दिसत नाही. श्रीलंकेत तो कधीच निकालात निघाला आहे. तिथली शनिवार-रविवारची सहल म्हणजे भाड्याची व्हॅन, तीन पिढ्या, वर एका मित्राचं कुटुंब, एक ढोलकी आणि केळीच्या पानात बांधलेला भात. हा सगळा संसार डोंगरावर, धबधब्याखाली किंवा हत्तींच्या वाटेवर न्यायचा आणि रविवारी रात्री मोजून तेवढाच घरी आणायचा. माझं म्हणणं एवढंच आहे की साहस कड्याच्या उंचीवर मोजू नये. बरोबर नेलेली माणसं किती आणि त्यांच्या वयांत अंतर किती, यावर मोजावं. या म्हणण्याला त्या बेटाइतका भरभक्कम पुरावा दुसरीकडे मिळणं कठीण.

आधी भूगोल, कारण सहलीला न जाण्याची निम्मी कारणं भूगोलात सापडतात. श्रीलंकेचं क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाहून थोडंसं जास्त. एवढ्याशा जागेत समुद्रापासून २,५२४ मीटर उंचीच्या पिदुरुतलागलापर्यंत सगळं कोंबलेलं आहे. त्यामुळे ‘फार लांब पडतं हो’ ही सबब तिथल्या जावयांना उपलब्ध नाही. सुट्टी नाही, हेही म्हणता येत नाही. दर पौर्णिमेला तिथे ‘पोया’ची सरकारी सुट्टी असते, आणि ती शनिवार-रविवाराला चिकटून आली की सगळा देश रस्त्यावर येतो. एकेकाळी तर सरकारने शनिवार-रविवारच काढून टाकला होता. १९६६ सालापासून आठवड्याची सुट्टी चंद्राच्या कला पाहून ठरू लागली आणि पंचांग हेच ऑफिसचं वेळापत्रक झालं. बाहेरच्या जगाचे व्यवहार चंद्राला विचारून चालत नसल्यामुळे १९७१ मध्ये शनिवार-रविवार परत आला, पौर्णिमेची सुट्टी मात्र राहिली. पोयाच्या दिवशी दारू आणि मांस यांची विक्री बंद असते. काही मित्रमंडळांचं नियोजनकौशल्य त्यामुळे आदल्या संध्याकाळीच पणाला लागतं.

टोयोटा हायएस व्हॅनच्या एका जुन्या पिढीला तिथले लोक ‘डॉल्फिन’ म्हणतात. हा प्राणी पाण्याबाहेर राहतो आणि त्याच्या पोटात कंपनीने सांगितल्यापेक्षा बरीच जास्त माणसं मावतात. निघण्याची वेळ पहाटे चारची. निघतात किती वाजता, ते मराठी वाचकाला सांगायला नको. दक्षिणेच्या जुन्या रस्त्याने निघालं की कळुतऱ्याच्या बोधिवृक्षापाशी गाडी थांबते, पेटीत नाणं पडतं आणि प्रवासाची जबाबदारी ड्रायव्हरकडून अधिक अनुभवी हातांत जाते. मग गाणी. बैला हा पोर्तुगीजांच्या अमदानीतून उतरलेला गाण्याचा प्रकार, ठेका सहा-आठचा. गोव्याच्या माणसाचे पाय तो ऐकून आपोआप हलतील. आणि मग जेवण, म्हणजे ‘बत मुल’: ऊन भात, वरण, भाजी, सुक्या मासळीचा तुकडा आणि खोबऱ्याचा तिखट ‘पोल संबोल’ हे सगळं केळीच्या पानात घट्ट बांधलेलं. पानाचा वास भाताला लागतो आणि बाकी सगळ्याचा वास व्हॅनला. हॉटेलात जेवता येतं हे तिथेही सर्वांना ठाऊक आहे. पण पहाटे दोनला उठून अठरा पुडकी बांधणारी बाई हॉटेलच्या भाताबद्दल जे बोलेल, ते ऐकून घेण्याचं साहस सहसा कुणी करत नाही.

आता मुख्य साक्षीदार. श्रीपाद हा २,२४३ मीटरचा सुळका, इंग्रजीत ‘ॲडम्स पीक’. माथ्यावरच्या खडकात पावलासारखा एक खळगा आहे. बौद्धांच्या मते तो बुद्धाचा, हिंदूंच्या मते शिवाचा, मुसलमानांच्या मते आदमचा. ख्रिस्ती लोकांत काही जण संत थॉमसचंही नाव घेतात. एका पावलावर इतक्यांनी हक्क सांगूनही वाटेत भांडण नाही, याचं कारण कदाचित हे असेल की भांडायला दम उरत नाही. नल्लतन्नीच्या बाजूने पायऱ्या साडेपाच हजारांच्या आसपास आहेत. सूर्योदय गाठायचा म्हणून चढाई मध्यरात्रीनंतर सुरू होते. सकाळी किनाऱ्यावर घामाने निथळत असलेलं कुटुंब त्याच रात्री माकडटोपी घालून कुडकुडत पायऱ्या मोजत असतं. चौदाव्या शतकात इब्न बतूता इथे चढला आणि खडकात ठोकलेल्या लोखंडी साखळ्यांचं वर्णन करून गेला. जगप्रवासी म्हणून त्याचं नाव झालं. त्याच साखळ्या धरून, नातवाला कडेवर घेऊन चढलेल्या बायकांनी प्रवासवर्णनं लिहिली नाहीत, एवढाच काय तो फरक.

या चढाईची जुनी रचना पाहिली की आधुनिक ‘टीम बिल्डिंग’वाल्यांनी शुल्क परत करावं असं वाटतं. टोळीला ‘नडे’ म्हणतात आणि तिच्या म्होरक्याला ‘नडे गुरा’. पहिल्यांदा येणारा तो ‘कोडुकारया’. वाटेत इंदिकटुपान नावाची जागा लागते. बुद्धाने तिथे थांबून चीवर शिवलं अशी कथा आहे, म्हणून लोक तिथे सुई-दोरा वाहतात. मध्यरात्री, थंडीत, डोंगराच्या कुशीत सुईत दोरा ओवायचा, हा प्रकार कुठल्याही गिर्यारोहण संस्थेच्या अभ्यासक्रमात नाही. चढणारे-उतरणारे एकमेकांना ‘करुणावै’ म्हणतात. वारीत अनोळखी माणसालाही ‘माउली’ म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. आणि सर्वांत मोलाचा संकेत असा की वाटेत तक्रारीचा शब्द काढायचा नाही. दमलो म्हणायचं नाही, किती राहिलं विचारायचं नाही. तीन पिढ्यांना एका दमात डोंगरावर नेण्याचा याहून अक्कलहुशारीचा नियम माणसाने केला नसेल. माथ्यावर घंटा आहे. जितक्यांदा चढलात तितके टोले द्यायचे. पहिल्यांदा आलेला, चकाकत्या बुटांतला तरुण एक टोला देऊन बाजूला होतो. मागून आलेली पांढऱ्या साडीतली म्हातारी घंटेची दोरी सोडायलाच तयार नसते.

इथे कुणी म्हणेल, ही भक्ती आहे, साहस नव्हे. आजी चढते ती पुण्यासाठी, तिला थरार नको असतो. मान्य. पण हेतू गुडघ्यांना कळत नाही. साडेपाच हजार पायऱ्या उतरताना पाय लटपटतात ते पुण्यवानाचेही तेवढेच. शिवाय थरार हवा म्हणून जाणारा थरार मिळाला की थांबतो. आजी पुढच्या हंगामात पुन्हा येते. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. ही तर सहल झाली, खरं साहस म्हणजे राफ्टिंग. ठीक, कितुलगलाला जाऊ. केलनी नदीच्या याच पट्ट्यात १९५७ सालच्या ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ चित्रपटासाठी पूल बांधून उडवून दिला होता. आज तिथे माणसांना जाकीट, शिरस्त्राण आणि वल्हं देऊन फेसाळत्या पाण्यात सोडतात. आधी सूचना, बरोबर प्रशिक्षक, शेवटी फोटो. आपल्या कोलाडला कुंडलिकेत तर वीजप्रकल्पातून पाणी सुटेल तेव्हाच राफ्टिंग. नदीला खवळायची वेळ ठरवून दिलेली आहे. जे वेळापत्रकाने होतं आणि ज्याचं शिरस्त्राण भाड्यात धरलेलं असतं, त्याला साहस म्हणावं की चांगली व्यवस्था, हे वाचकाने ठरवावं.

उलट बुत्तल ते कतरगाम हा रस्ता घ्या. जंगलातून जाणारा सरळ डांबरी रस्ता, आणि त्यावर हत्ती उभा. तो रस्ता ओलांडत नसतो, तो वसुली करत असतो. गाडी थांबली की सोंड खिडकीतून आत येते आणि केळी, पपई, काय असेल ते उचलते. खाऊ घालू नका असं वनखातं सांगत आलं आहे, पण खिडकीतून सोंड आत आल्यावर कायद्याचं कलम आठवणारी माणसं थोडी. मागच्या सीटवरच्या मुलांना आनंद, आईला घेरी, काका हळू आवाजात मागे घ्यायला सांगणार, मामा जोरात पुढे घ्यायला सांगणार. इथे जाकीट नाही, प्रशिक्षक नाही, प्रवासाच्या शेवटी प्रमाणपत्र नाही. गंमत म्हणजे ती फळं बहुधा कतरगामच्या देवासाठी घेतलेली असतात, आणि कतरगामचा देव म्हणजे आपला कार्तिकेय. त्याच्या नैवेद्यातला वाटा वाटेतच काढून घेणारा गजमुखी कोण, हे सांगायची गरज नाही. या दोघा भावांत पृथ्वीप्रदक्षिणेची पैज लागली तेव्हा एक मोरावर बसून एकटाच जग फिरायला निघाला आणि दुसऱ्याने आईवडिलांभोवती फेरी मारली. एकट्याचा प्रवास आणि घरच्यांसह प्रवास यांत निकाल कुणाच्या बाजूने लागला, ते मराठी घरातल्या चार वर्षांच्या पोरालाही पाठ आहे.

गोंगाटाचा आक्षेप मात्र खरा आहे, आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. अठरा माणसं, ढोलकी आणि बैला यांच्यापुढे जंगलाची शांतता टिकत नाही. सिगिरियाच्या खडकावर निसर्गानेच यावर उपाय काढला आहे. कश्यप राजाने बापाचा जीव घेतला आणि भावाच्या भीतीने पाचव्या शतकात या खडकावर राजवाडा बांधला. म्हणजे देशातलं सर्वांत नावाजलेलं सहलीचं ठिकाण घरगुती भांडणातून उभं राहिलं. आज तिथे बाराशे पायऱ्या चढताना शांत राहा असे फलक दिसतात, कारण कड्याला आग्या मोहोळं आणि गांधीलमाश्या आहेत. त्या उठल्या तर लपायला वाटेतल्या सिंहशिल्पाच्या पंजांपाशी जाळीचा पिंजराही ठेवला आहे. आपल्याकडच्या गडांवर आग्या मोहोळाने पळवलेल्यांना ही भाषा चटकन समजेल. एरवी कुणाचं न ऐकणारी मेव्हणी इथे कुजबुजत बोलते. मिरवण्याची हौस मात्र तिथे हजार वर्षांहून जुनी आहे. आरशासारख्या घोटीव भिंतीवर जुन्या प्रवाशांनी कविता कोरून ठेवल्या. पुरातत्त्वज्ञ सेनरत परणवितान यांनी त्यांतल्या ६८५ वाचून १९५६ मध्ये छापल्या. लिहिणाऱ्यांत बायकाही आहेत. आलो, पाहिलं, खडकावरच्या चित्रांतल्या सुंदरी आवडल्या, हे जगाला कळवण्याची निकड तेव्हाही तितकीच होती. आज तिथे नाव कोरलं तर तुरुंग. आपल्या किल्ल्यांवर बदामातून बाण काढणाऱ्या प्रेमवीरांनी छंदात लिहायचा त्रास घेतला असता तर पुरातत्त्व खात्याचा राग थोडा तरी निवळला असता.

कचऱ्याचा आक्षेपही खरा आहे; त्यावरचा उपाय हॉर्टन प्लेन्स राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर दिसतो. तिथे पिशव्या तपासतात आणि प्लास्टिक काढून घेतात. बिस्किटं कागदात बांधून आत जातात. जगाच्या टोकाला, म्हणजे ‘वर्ल्ड्स एंड’च्या कड्यावर, धुकं येण्याआधी पोहोचायची घाई असताना सासूबाईंचा चिवडा प्लास्टिकच्या पिशवीतून कागदात ओतणारा जावई हा माझ्या व्याख्येतला साहसवीर आहे. पाण्याचं मात्र विनोदावर नेण्यासारखं नाही. नद्या, तलाव आणि धबधबे दरवर्षी सहलीला आलेल्यांचे बळी घेतात, आणि आधी पिऊन मग पोहायला उतरणं हे त्यामागचं एक सर्वज्ञात कारण. इथे एकट्यादुकट्याच्या किंवा नुसत्या मित्रांच्या टोळीपेक्षा कुटुंबाची टोळी मला शहाणी वाटते. काठावर बसून ‘गुडघ्याच्या पुढे जायचं नाही’ असं अर्ध्या मिनिटाला ओरडणारी आत्या कुठल्याही इशाऱ्याच्या फलकापेक्षा उपयोगी आहे, कारण फलक नजरेआड करता येतो.

राहिला खर्च. सहली हे खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचे चोचले आहेत, असं म्हणता येईल. २०२२ मध्ये त्या देशाने याची परीक्षाच दिली. परकीय चलन संपलं, पेट्रोलसाठी मैलभर रांगा लागल्या, शेवटी क्यूआर कोडवर इंधन मिळू लागलं: मोटारीला आठवड्याला २० लिटर. कोलंबोहून एल्ला हे डोंगरातलं सहलीचं गाव साधारण दोनशे किलोमीटर. लिटरला दहा किलोमीटर धरले तर एल्लाला पोहोचता येतं, घरी परत येता येत नाही. रेल्वे होती. पोलादाशिवाय दगड-विटांत बांधलेल्या नऊ कमानींच्या पुलावरून ती अजून जाते, आणि डेमोदराला तर रूळ वळसा घालून त्याच स्टेशनाच्या खालच्या बोगद्यातून निघतात. कोटा गेला, पेट्रोल आलं आणि डॉल्फिन पुन्हा रस्त्यावर उतरल्या.

जायचं असेल तर श्रीपादाचा हंगाम डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मे महिन्यातल्या वैशाख पौर्णिमेपर्यंत असतो. पौर्णिमेला जोडून येणारा शनिवार-रविवार टाळा, नाहीतर निम्म्या पायऱ्यांवर नुसतंच रांगेत उभं राहावं लागेल. माकडटोपी न्या, सुई-दोरा न्या. आणि घरात आजी असेल तर तिला एकदा विचारून बघा. ‘मला कशाला रे आता?’ असं ती म्हणाली, तर तिचं तिकीट काढून टाका.