सोफ्यावरचे पंच

गोल्फ हा पंचांशिवाय चालणारा खेळ आहे, निदान गोल्फ खेळणारे तसे मानतात. स्कॉटलंडमधल्या लीथ इथे १७४४ मध्ये या खेळाचे पहिले तेरा नियम लिहिले गेले. तेव्हापासून गृहीत असे की खेळाडू सभ्य गृहस्थ असतो आणि आपली चूक तो आपणहून सांगतो. १९२५ च्या यूएस ओपनमध्ये बॉबी जोन्सने दुसऱ्या कुणालाही न दिसलेली चेंडूची हालचाल स्वतः सांगितली, एका फटक्याचा दंड ओढवून घेतला आणि पुढे प्लेऑफमध्ये विजेतेपद घालवले. गोल्फचे गुणगान करणाऱ्यांना तेव्हापासून दुसरे उदाहरण शोधावे लागलेले नाही. मात्र फेरी संपल्यावर खेळाडूने स्कोअरकार्डावर सही करायची आणि आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी निघाला तर स्पर्धेतूनच बाद व्हायचे, हाही त्याच खेळाचा नियम. सचोटीवर एवढा विश्वास असताना सहीवर एवढा संशय का, असे सभ्य गृहस्थ विचारत नाहीत.

टीव्ही आल्यावर या सचोटीला मदतनीस मिळाले, तेही बिनपगारी. पुरावा कुठूनही आला तरी स्पर्धेच्या समितीने तो विचारात घ्यायचा, अशी रीत होती. त्यामुळे ज्याच्या घरात टीव्ही आणि फोन होता, त्याला आपोआप पंचगिरीचा परवाना मिळाला. क्रिकेटमध्ये कॅमेरा आला तो पंचाच्या हाताखाली. नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बनच्या कसोटीत सचिन तेंडुलकर टीव्ही रिप्लेवरून धावबाद ठरलेला पहिला फलंदाज झाला, पण तो निकाल तिसऱ्या पंचाने दिला. दादरहून कुणा काकांनी फोन करून नव्हे. गोल्फमध्ये काकांची सोय होती.

तिचा पहिला गाजलेला लाभार्थी म्हणजे क्रेग स्टॅडलर. १९८७ मध्ये सॅन दिएगोमधल्या टॉरी पाइन्सवर त्याचा चेंडू चौदाव्या होलला एका झाडाच्या खाली आलेल्या फांद्यांत अडकला. गुडघे टेकल्याशिवाय फटका मारणे शक्य नव्हते आणि जमीन चिखलाची होती. स्टॅडलरने पँट मळू नये म्हणून टॉवेल पसरला, त्यावर गुडघे टेकले आणि फटका मारला. दुसऱ्या दिवशी हे दृश्य टीव्हीवर पुन्हा दाखवले गेले आणि फोन खणखणू लागले. उभे राहण्यासाठी जमिनीवर काही रचणे नियमाला मंजूर नाही, आणि टॉवेल हे बांधकाम ठरले. दोन फटक्यांचा दंड कार्डावर नव्हता, म्हणजे सही चुकीची, म्हणजे स्टॅडलर बाद. संयुक्त दुसऱ्या क्रमांकाचे सुमारे ३७ हजार डॉलर गेले. पँट तेवढी स्वच्छ राहिली. पुढे ते झाड रोगाने मरू लागले, तेव्हा १९९५ मध्ये ते तोडायला स्टॅडलरलाच बोलावण्यात आले. गोल्फच्या न्यायव्यवस्थेत नुकसानभरपाई मिळाल्याची नोंद बहुधा एवढीच असावी.

नंतर प्रेक्षकांची साधने सुधारली. २०१० मध्ये पन्नाशीच्या ज्युली इंकस्टरने ताटकळताना क्लबला वजनाचे कडे अडकवून हात मोकळे केले. एका प्रेक्षकाच्या ईमेलने तिला घरी पाठवले. जानेवारी २०११ मध्ये तर दोघांची विकेट पडली. हवाईत कॅमिलो व्हिलेगासने चेंडू उतारावरून परत घरंगळत असताना वाटेतले सुटे गवत क्लबने उडवले. ते ट्विटरवरून कळवले गेले. अबू धाबीत पॅडी हॅरिंग्टनने ६५ ची सुरेख फेरी खेळली. ग्रीनवरचे मार्कर उचलताना त्याचा हात चेंडूला किंचित लागला होता. चेंडू जागेवरच आहे असे त्याला वाटले, पण संथ चित्रणात तो अंगावरच्या एक-दोन खळग्यांइतका सरकलेला निघाला.

नियम करणाऱ्या दोन संस्था आहेत, सेंट अँड्र्यूजची आर अँड ए आणि अमेरिकेची यूएसजीए. बैल गेला की झोपा करायचा, ही त्यांची कार्यपद्धती. एप्रिल २०११ मध्ये त्यांनी सवलत दिली: खेळाडूला जी गोष्ट कळणे शक्यच नव्हते, तिच्यापायी कार्ड चुकले तर समिती बाद करण्याची शिक्षा माफ करू शकेल. दंडाचे फटके मात्र माफ नाहीत. या सवलतीने हॅरिंग्टन वाचला असता, व्हिलेगास वाचला नसता. डोळ्यांना न दिसणे क्षम्य, नियम माहीत नसणे अक्षम्य.

याच काळात नियमपुस्तकाच्या दुसऱ्या पानावर वेगळाच संसार चालला होता. ज्या यंत्राने खेळाडूला पकडणे पुण्याचे, त्याच यंत्राची खेळाडूने मदत घेणे पापाचे. अंतर मोजणारे उपकरण २००६ पर्यंत निषिद्ध होते. त्या वर्षी स्थानिक समितीला परवानगीचा अधिकार मिळाला. २०१९ मध्ये उलटापालट झाली: उपकरण चालेल, समितीला नको असेल तर तिने बंदी घालावी. परवानगी फक्त अंतरापुरती. झेंडा दीडशे यार्डांवर आहे हे यंत्राने सांगावे. तो चढावर आहे, सबब एकशे साठचा फटका मारा, हे सांगू नये. वाऱ्याचा कायदा याहून नाजूक आहे. चिमूटभर गवत हवेत उडवून वारा पाहता येतो. त्याच हेतूने रुमाल धरला किंवा पावडर उडवली तर दंड. गवत निसर्गाचे आणि रुमाल कारखान्याचा, असा हा सूक्ष्म भेद. संगीत ऐकायला हरकत नाही, पण फटक्याची लय साधायला किंवा आजूबाजूचा गोंगाट बंद करायला ऐकलेले संगीत गुन्हा ठरते. कानात वाजणारे गाणे कोणत्या हेतूने वाजते आहे, हे ठरवण्यासाठी अजून तरी प्रेक्षकांकडून ईमेल मागवलेले नाहीत.

२०१३ साल टायगर वुड्सचे होते, म्हणजे पंचांच्याही कसोटीचे. मास्टर्समध्ये पंधराव्या होलला त्याचा चेंडू झेंड्याच्या काठीवर आदळून पाण्यात गेला. नवा चेंडू त्याने मूळ जागेपासून थोडा मागे टाकला. हे घरबसल्या पाहून फोन करणारा डेव्हिड एगर हा स्वतः नियमांचा माजी अधिकारी निघाला. समितीने चित्रण पाहिले आणि काही वावगे नाही म्हटले. मग वुड्सने मुलाखतीत आपणच दोन यार्ड मागे गेलो, असे खुशाल सांगितले. दोन फटके दंड झाला. बाद मात्र केले नाही, कारण आधीची चूक समितीची होती. सप्टेंबरमध्ये डहाळी बाजूला करताना त्याचा चेंडू हलल्याचे एका चित्रणकाराच्या फितीत दिसले. वुड्सच्या मते चेंडू जागच्या जागी डुलला होता. दोन फटके.

त्यानंतर नोव्हेंबरमध्ये दोन्ही पानांवर एकदमच दुरुस्ती झाली. चेंडूची जी हालचाल नुसत्या डोळ्यांना दिसण्याजोगी नव्हती, ती झाली नाही असे मानावे. आणि खेळाडूने फोनवर हवामानाचा अंदाज पाहिला तर चालेल, विशेषतः वादळ येत असेल तर. वीज अंगावर पडण्याआधी ती पडणार असल्याचे कळणे हा अयोग्य लाभ नाही, असा निर्वाळा मिळाला.

पण डोळ्यांचा हा नियम फक्त चेंडूपुरता होता, वाळूपुरता नव्हता. २०१६ च्या महिला यूएस ओपनच्या प्लेऑफमध्ये अ‍ॅना नॉर्डक्विस्टचा क्लब बंकरमधल्या काही कणांना चाटून गेला. जवळून घेतलेल्या चित्रणाशिवाय ते कुणाला दिसले नसते. दंडाची बातमी तिला पुढच्या होलचा तिसरा फटका मारल्यावर दिली गेली, आणि प्रतिस्पर्धी ब्रिटनी लँगला तिचा तिसरा फटका मारण्याआधी. लँग जपून खेळली आणि जिंकली. त्याच उन्हाळ्यात ओकमाँटच्या यूएस ओपनमध्ये डस्टिन जॉन्सनचा चेंडू पाचव्या ग्रीनवर हलला, तेव्हा सोबतच्या अधिकाऱ्याने त्याला निर्दोष ठरवले. बाराव्या होलला कळवले की प्रकरण पुन्हा पाहिले जाईल. आपला स्कोअर किती, हे माहीत नसताना तो उरलेली फेरी खेळला. एका फटक्याचा दंड लागूनही तीन फटक्यांनी जिंकला, म्हणून नियमकर्त्यांची अब्रू वाचली. ग्रीनवर चुकून हललेल्या चेंडूचा दंड पुढच्या जानेवारीपासून रद्द झाला.

लेक्सी थॉम्पसनला दया भोवली. कार्ड नकळत चुकले तर बाद करण्याऐवजी आणखी दोन फटके द्यावेत, ही २०१६ ची सुधारणा. २०१७ च्या एएनए इन्स्पिरेशनमध्ये शनिवारी सतराव्या ग्रीनवर तिने चेंडू उचलला आणि ठेवताना सुमारे इंचभर बाजूला ठेवला. रविवारी एका प्रेक्षकाचा ईमेल आला. आघाडीवर असलेल्या लेक्सीला मैदानातच सांगण्यात आले: चुकीच्या जागेचे दोन, चुकीच्या सहीचे दोन, असे चार. ही चेष्टा आहे का, असे तिने विचारले, नव्हती. डोळे पुसत तिने प्लेऑफ गाठला आणि तिथे रयू सो-यॉनकडून हरली.

यावेळी झोपा बांधायला महिनासुद्धा लागला नाही. एप्रिल संपण्याआधीच निर्णय आला: नुसत्या डोळ्यांना न दिसणारा पुरावा ग्राह्य नाही, आणि जागेचा अंदाज खेळाडूने प्रामाणिकपणे, वाजवी काळजी घेऊन केला असेल तर तो चित्रणाने खोटा ठरवू नये. जानेवारी २०१८ पासून मोठ्या टूर्सनी प्रेक्षकांचे फोन आणि ईमेल घेणे बंद केले. प्रक्षेपण पाहण्यासाठी अधिकारी नेमले. सोफ्यावरून फुकट होणारे काम पगारी झाले. नकळत चुकलेल्या कार्डाचे जादा दोन फटकेही गेले. २०१९ च्या नव्या नियमपुस्तकात नियमांतले हे बदल रीतसर छापले गेले.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात बहामाजला पॅट्रिक रीडने सरावाच्या हालचालीत चेंडूमागची वाळू दोनदा खरवडली. हे पाहायला झूमची गरज नव्हती. फेरीनंतर अधिकाऱ्यांनी त्याला चित्रण दाखवले आणि दोन फटके लावले. स्पर्धेत तो विजेत्या हेन्रिक स्टेन्सनच्या दोनच फटके मागे राहिला. रीडची तक्रार मात्र कॅमेरा होता ही नव्हती. बाजूच्या कोनातून आणखी एक हवा होता, असे त्याचे म्हणणे पडले.